एक खुर्ची, दोन जावा

ता. ९ जानेवारी

धाकटीस आशीर्वाद.

पेपरातला तुझा फोटो पाहिला. पाहिला म्हणजे काय, पाहावाच लागला. सासूबाईंनी तो कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या काचेवर चिकटवलाय, त्यामुळे साखरेचा डबा काढायला गेलं की तू माझ्याकडे बघून हसतेस. साडी चांगली दिसते. माझीच आहे ना ती, जाताना तुझ्या सामानात गेलेली?

शिसे-विषबाधा प्रतिबंध सल्लागार परिषद. एका दमात म्हणता येत नाही. सासूबाई नुसतंच ‘सरकारात गेली’ म्हणतात आणि शेजारच्या शिंपीणबाईंना तुझ्या खुर्चीचं वर्णन करून सांगतात, जणू स्वतः बसून आल्यात.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि ऐकत कुणीच नाही. शिवाय पत्र मध्येच आपटता येत नाही, तेवढाच मनाला लगाम.

खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. परिषदेतल्या पालकाच्या जागेसाठी अर्ज दोघींनी केला होता. एका घरातल्या दोन जावा, एकाच खोलीत वाढलेली दोन पोरं, एकाच खिडकीच्या रंगाने दोघांच्या रक्तात शिसं गेलेलं. पण दवाखान्यात आधी कोण गेलं? मी. ‘मुलगी शब्द विसरते’ म्हटल्यावर ‘लाडावलीये’ असं ऐकून कुणी घेतलं? मी. नगरपालिकेच्या माणसाला जवळजवळ हाताला धरून आणलं आणि खिडकीचा रंग तपासायला लावला, तेव्हा तू ट्रंका बांधत होतीस. तू लेकाला, भुंग्याला, घेऊन निघून गेलीस, राजधानीत नवं घर केलंस, आणि कानामागून येऊन तिखट झालीस.

आणि रक्तातला आकडाच बघायचा तर माझ्या मुंगीचा तुझ्या भुंग्याच्या दुपटीहून जास्त होता. निदान त्यात तरी पहिला नंबर आमचा. असल्या गोष्टीतही मी नंबर लावते, बघ माझं काय होऊन बसलंय.

मामंजींनी फोटो पाहिला. ‘तिथे रंगवाले असतात का?’ एवढंच विचारलं. मी हो म्हटलं तर पेपर घडी करून ठेवून दिला. जन्मभर लोकांची घरं रंगवली त्यांनी, आणि नातवंडांच्या खोलीसाठी मात्र राखून ठेवलेले जुने डबे काढले. डबा हातात तोलून म्हणायचे, हलका रंग म्हणजे पाणी, जड तोच खरा. जड कशाने होता ते आता सगळ्या घराला कळलंय. तेव्हापासून ते त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत.

खुर्ची कशी आहे ते लिही. सगळं लिही. जळायचंच तर नीट माहिती घेऊन जळेन.

तुझी,
मोठी जाऊ


ता. २२ जानेवारी

ती. जाऊबाईंना नमस्कार.

तुमच्या पोटदुखीवर औषध म्हणून लगेच उत्तर देते. इथे हेवा करण्यासारखं फार काही नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली. टेबल इतकं मोठं की मधोमध ठेवलेला पाण्याचा जग कुणाच्याच हाताला लागत नाही, आणि मागायची सगळ्यांना लाज, म्हणून बैठक संपेपर्यंत सगळे तहानलेले. प्रत्येकापुढे पाटी. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुलांचे डॉक्टर, त्यांची पाटी पितळेची. पाणीखात्याच्या बाई, प्रयोगशाळेचे साहेब, रंग कारखानदारांच्या संघटनेचे एक गोड बोलणारे गृहस्थ, या सगळ्यांच्या पाट्यांवर नाव आणि खाली हुद्दा. माझ्या पाटीवर नुसतं ‘पालक’. चिटणीसांना विचारलं तर म्हणाले, बाई, तुमची मुदत संपली की तीच पाटी पुढच्याला चालेल.

खुर्ची फिरती आहे. पहिल्या दिवशी टेकले तशी गर्रकन फिरले आणि अध्यक्षांकडे पाठ झाली. साडी तुमचीच होती, म्हणून तेवढी तरी अब्रू राहिली.

वाद एकाच गोष्टीवर चालू आहे. आमच्यातल्या काहींचं म्हणणं, मूल वर्षाचं झालं की त्याचं रक्त तपासायचं, सरसकट सगळ्यांचं, काही त्रास दिसो न दिसो. बाकीचे म्हणतात, ज्याला त्रास दिसेल त्याचंच तपासा, उगाच सगळ्या पोरांना सुया कशाला. मे महिन्यात परिषद शिफारस करणार. पहिलं म्हणणं उचललं गेलं तर कुणाच्या तरी मुंगीचं वेळेवर कळेल. मी त्यासाठीच बसते तिथे, फोटोसाठी नाही.

भुंगा मजेत आहे. रक्तातलं शिसं उतरलं असं दवाखान्यात सांगितलं. शाळेत पहिल्या बाकावर बसतो. अगदी पूर्वीसारखा झालाय. मुंगी कशी आहे? तिला माझा पापा.

तुमची,
धाकटी


ता. ११ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच, तुझ्या परिषदेची बातमी आहे, शिंपीणबाईंनी आवर्जून आणून दिली. ‘पालक सदस्या म्हणाल्या, आमच्या घरातली पोर बोट ओलं करून खिडकीतले रंगाचे पोपडे उचलायची आणि चाटायची. गोड लागतं म्हणायची. आज तिला स्वतःच्या मैत्रिणीचं नाव आठवत नाही. हे ऐकून सभागृह स्तब्ध झालं.’

तुला मुलगी कधी झाली गं?

ते ओलं बोट माझ्या लेकीचं आहे. म्हणून तर तिला मुंगी म्हणायला लागलो आपण, गोड दिसलं की चिकटते म्हणून. हसलो होतो सगळे. मैत्रिणीचं नाव विसरली ती त्या मैत्रिणीच्या समोर, आपल्या दारात, आणि ती पोर रडत घरी गेली. त्या दिवशी तू इथे नव्हतीस. हे मी तुला मागे फोनवर सांगितलं होतं, मन मोकळं करायला. तू ते नेऊन टेबलावर मांडलंस.

साडी नेलीस, बोलले नाही. खुर्ची घेतलीस, पोटात दुखलं तरी आशीर्वाद दिला. आता माझं दुःखही तुलाच हवं? तुझं पोर पहिल्या बाकावर बसतं, पूर्वीसारखं झालंय, मग त्याचीच गोष्ट सांग की. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलीस आणि वर सभागृह स्तब्ध करतेस.

मुंगीला वाचून दाखवलं नाही. तिला आपली गोष्ट कुणी सांगितली हे कळलं तर आनंदच होईल, तुझी लाडकी ना ती. म्हणूनच नाही दाखवलं.

मोठी


ता. २० फेब्रुवारी

ती. जाऊबाईंना नमस्कार.

चुकले. विचारायला हवं होतं. आता का केलं ते ऐका, मग हवं तेवढं बोला.

आधी मी भुंग्याचंच सांगत होते. कसा आजारी पडला, कसं कळलं, सगळं. पण दर वेळी शेवटी ते गोड गृहस्थ हळूच विचारतात, ‘आणि आता कसा आहे तुमचा मुलगा?’ मी म्हणते, बरा आहे. की लगेच ते सगळ्यांकडे बघून म्हणतात, ‘पाहा, या बाईंचंच उदाहरण घ्या. घरातला रंग काढला, पोर ठणठणीत. त्रास दिसल्यावर तपासलं तरी मुलं सुधारतात.’ मान डोलावतात लोक. माझ्याच पोराच्या नावाने माझंच तोंड बंद. म्हणून त्या दिवशी मुंगीचं बोलले. घरातली पोर म्हटलं मी, माझी नाही म्हटलं. पण माझी नाही असंही म्हटलं नाही, हे कबूल.

तुमच्या दुःखावर माझा हक्क नाही. पण तुम्हाला वाटतं सगळं माझ्याच पदरात पडलं, तर एक सांगते. तुमच्याकडे भरलेलं घर आहे. मुंगी विसरली तर आठवण करून द्यायला चार माणसं आहेत. इथे संध्याकाळी शेजारच्या घरातल्या भांड्यांचे आवाज ऐकत आम्ही तिघं बसतो. मलाही जळता येतं, जाऊबाई, फक्त मी पत्रात लिहीत नाही.

सुट्टीत हे भुंग्याला घेऊन तिकडे येणार आहेत. मला बैठक आहे, जमणार नाही. त्याला फार प्रश्न विचारू नका, प्रवासाने दमतो तो.

धाकटी


ता. १४ एप्रिल

धाकटे,

भावजी आणि भुंगा काल परत निघाले. सुखरूप पोचले असतील.

पोरगा दारात आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. भुंगा आला आणि घरात गुणगुण नाही. आठवतं ना, जेवताना, आंघोळीला, जिना चढताना, सारखं तोंडातल्या तोंडात चालू असायचं त्याचं. मी म्हटलं, दमला असेल. तूच लिहिलं होतंस.

दुसऱ्या दिवशी त्याला स्वयंपाकघरातून चमचा, बशी आणि पाण्याचा पेला आणायला सांगितलं. गेला तो गेलाच. जाऊन बघते तर कपाटासमोर उभा, दोन्ही हात खाली सोडलेले, तुझ्या फोटोकडे बघतोय. मला म्हणाला, “काकू, मी कशाला आलो होतो?”

मी काही बोलायच्या आत मुंगी मागून आली. तिने त्याचा हात धरला. “काही नसतं रे. थोडं थांबलं की येतं. नाही आलं तर परत विचारायचं.” एवढ्या शहाणपणाने बोलली, जसं काही जुनं माणूस नव्या माणसाला कामाची रीत दाखवतंय. मग दोघं परत आली आणि मला विचारून गेली, आणि चमचा तेवढा घेऊन आली.

मला आधी काय वाटलं ते लिहिते, खोटं लिहायचं तर फोन काय वाईट होता. मला बरं वाटलं. तुझी खुर्ची, तुझा फोटो, तो पहिला बाक, इतके दिवस ज्यावर जळत होते ते सगळं एकदम थंड झालं. मी एकटी नाही, असं वाटलं. मग पोराने माझ्याकडे मान वर करून बघितलं, उत्तराची वाट बघत, आणि मला माझी किळस आली. तुझ्या लेकराच्या वाईटावर मी सुस्कारा सोडला, धाकटे. माफ कर असं म्हणायलाही जीभ उचलत नाही.

भावजींना विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. पहिला बाक हुशारीचा नाही, बाईंना मधून मधून त्याच्या खांद्याला हात लावून जागं करता यावं म्हणून. आकडा उतरला हे खरं. पण गेलेलं परत आलं नाही.

मांजर डोळे मिटून दूध पितं तसं किती दिवस करणार होतीस? झाकली मूठ सव्वा लाखाची, मला पटतं. पण तुझ्याच झाकल्या मुठीचा डंका पिटत तो गोड बोलणारा माणूस आख्ख्या परिषदेला फिरवतोय. पोर बरं झालं म्हणतेस आणि त्या एका शब्दावर बाकीच्यांच्या पोरांचं तपासणं अडतंय. मेच्या बैठकीत खरं सांग. मुंगीचं नको सांगू आता, भुंग्याचं सांग.

मामंजी भुंग्याला घेऊन अंगणात बसत होते रोज. दोघंही काही बोलत नव्हते. मामंजींना बोलायचं नव्हतं आणि त्याला सुचत नव्हतं. छान जमलं होतं त्यांचं.

तुझी,
मोठी


ता. २५ एप्रिल

ती. जाऊबाईंना,

तुमचं पत्र वाचून मी आधी भांडी घासली. घासलेलीच परत घासली. मग ह्यांच्याशी भांडले, तुम्ही का सांगितलंत म्हणून. मग रडले.

तुम्हाला बरं वाटलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दोघांचं रक्त तपासून आलं, मुंगीचा आकडा दुप्पट आणि भुंग्याचा कमी, तेव्हा मला काय वाटलं होतं ते मी तरी कुठे कुणाला सांगितलं? त्याच आठवड्यात ट्रंका बांधल्या मी. तुम्हाला वाटलं रागाने गेले. मी पळाले. तुमच्याकडे बघवत नव्हतं मला, आणि आपलं वाचलं या आनंदात राहायचं होतं. तो आनंद एवढासाच होता, पण तो मी आजवर जपला. शाळेच्या बाईंपासून, दवाखान्यापासून, तुमच्यापासून.

तुमचा मला हेवा वाटतो तो खुर्चीचा नाही, तोंडाचा. तुम्ही दुकानात उभ्या राहून सांगता, माझी मुलगी विसरते, तिला दोनदा सांगा. मी ते वाक्य आरशासमोरही म्हणून बघितलं. ‘माझा मुलगा’ इथपर्यंत येतं, पुढे येत नाही. मुंगीचं कसं घडाघडा बोलले. आपल्याच पोराशी जीभ अडते. परिषदेत उभं राहून, त्या माणसाच्या तोंडावर, नाही जमणार मला.

एक करा. चिटणीसांना विचारलंय मी. पालक सदस्याला येता आलं नाही तर त्याच कुटुंबातला दुसरा पालक बसू शकतो. पाटीवर नाहीतरी नाव नाहीच. तुम्ही या. मी भुंग्याला घेऊन तिकडे तुमच्या घरी जाते, सासू-सासऱ्यांचं बघते, मुंगीजवळ राहते. तुम्ही इथे माझ्या घरी उतरा. ह्यांना चहा येतो, बाकी काही येत नाही.

मुंगीचं तुम्ही स्वतः सांगा, तुमच्या तोंडून. भुंग्याचंही खरं ते सांगितलंत तर मी ना म्हणणार नाही. खुर्चीवर बसताना दोन्ही पाय जमिनीला टेकवा.

तुमची,
धाकटी


ता. १८ मे

प्रिय धाकटे,

आपल्याच घरचा पत्ता पाकिटावर लिहिताना गंमत वाटली. तुझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. शेजारच्या भांड्यांचे आवाज खरंच येतात. दारामागे तू चित्रं लावलीस भुंग्यासाठी, बूट, दप्तर, डबा, पाण्याची बाटली, एकाखाली एक. बूट फार छान काढलायस. तसलीच मुंगीसाठी मला काढून दे, मी काढलेला बूट बोटीसारखा होतो. भावजी दर तासाला चहा करून आणतात. मी पिते, बिचाऱ्यांना दुसरं येत नाही म्हणून.

आता बैठकीचं. साडी मी माझी नेसून गेले, म्हणजे तुझ्या कपाटातून काढून. खोली तू लिहिलीस तशीच, जगही तिथेच, मधोमध. मी उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि जग उचलून आणला. पाणीखात्याच्या बाईंनी लगेच पेला पुढे केला. मग सगळ्यांनीच केले. अर्ध्या परिषदेला पाणी वाढून मी जागेवर बसले, पाय टेकवून. खुर्ची खरंच बरी आहे. एवढ्या जळण्याच्या लायकीची नाही, पण बरी आहे.

तो गृहस्थ खरोखर गोड बोलतो. म्हणाला, ‘मागच्या बाईंचा मुलगा आता अगदी छान आहे, आपल्या सर्वांना माहीतच आहे.’ अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. रेल्वेत सगळा प्रवासभर पाठ केलं होतं मी, ओलं बोट, पोपडे, मैत्रीण, सगळं. म्हटलं, आज माझ्या लेकीचं मी सांगेन, धाकटीहून चांगलं सांगेन. खोटं का बोलू, तेही मनात होतं.

‘माझी मुलगी’ इथपर्यंत आलं, पुढे आलं नाही. दुकानात येतं ते तिथे येईना. सगळे वाट बघतायत आणि मी त्या ‘पालक’ लिहिलेल्या पाटीकडे बघतेय. मुंगी डोळ्यांसमोर उभी राहिली आणि तिला त्या टेबलावर ठेवायला माझा हात होईना. तेव्हा मला कळलं, तू काय करत होतीस.

मग मी भुंग्याचं सांगितलं. धडाधड आलं. घरात गुणगुणायचा ते सांगितलं, आता गुणगुणत नाही ते सांगितलं. चमचा, बशी, पेला. पहिला बाक कशासाठी, ते सांगितलं. रक्तातलं शिसं उतरलं, दवाखाना खूश झाला, पण पोर कपाटासमोर उभं राहून विचारतं मी कशाला आलो होतो, ते सांगितलं. म्हटलं, साहेब, त्रास दिसल्यावर तपासलं आम्ही. वेळ तेव्हाच गेली होती. ज्याचं तुम्ही उदाहरण देता तो हा मुलगा. तो छान नाही. तो चांगला आहे, गोड आहे, पण छान नाही. तो गृहस्थ पाटीवरची धूळ पुसत बसला.

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. पाणीखात्याच्या बाईंचा आधी वर गेला, मग प्रयोगशाळेच्या साहेबांचा, मग बघता बघता बहुतेकांचे. त्या गृहस्थाचा खालीच राहिला. शिफारस झाली, धाकटे. वर्षाच्या प्रत्येक मुलाचं रक्त तपासायचं, त्रास दिसो न दिसो. आता सरकार ऐकेल तेव्हा खरं. सल्लागार म्हणजे शेवटी आपल्या सासूबाईच, सल्ला त्यांचा आणि घर चालतं ज्याच्या त्याच्या मनाने. पण कधीकधी ऐकतोही आपण त्यांचं.

मामंजींना तू सांग. रंगवाले होते तिथे, आणि एकानेही त्यांचं नाव घेतलं नाही, हेही सांग. जमलं तर दोघा पोरांना घेऊन त्यांना त्या खोलीत ने. खिडकी आता नवी आहे, नुसतं लाकूड.

बैठक संपल्यावर चिटणीस वही घेऊन माझ्याजवळ आले. त्यांना नोंद पुरी करायची होती, आणि कोणतं पोर कुणाचं यात त्यांचा गोंधळ झाला होता. म्हणाले, “बाई, मागच्या वेळी मुलगी होती, या वेळी मुलगा. हा मुलगा तुमचाच ना?”

मी हो म्हटलं.

तुझी,
मोठी